धर्मा वस्तादाच्या अंगणात

माजं नाव गुलाब. आता राहते विचुंब्याला लेकाच्या घरी, पन मी मूळची खाडीकाठची. पनवेलच्या खालच्या अंगाला आता उंच उंच बिल्डिंगा दिसतात ना तुमाला, तिथं आमची मिठागरं व्हती, त्याच्यापुढं बांध आनि बांधापलीकडं खाडी. बापूस खाडीत जाळं टाकायचा, आनि आयस नि आमी दोघी बहिनी, मोठी जना आनि मी, टोपल्या डोक्यावर घेऊन पनवेलच्या बाजारात जायचो. कोलंबी, बोयटी, चिंबोऱ्या, निवट्या. निवट्या खाल्ल्यात का तुमी कधी? आता कुठं मिळतात म्हना. कोकम घालून आयस जे कालवन करायची, काय सांगू तुमाला, नुसत्या वासानं शेजारपाजारचे विचारायचे, आज काय हाय म्हनून.

तर जनाचं सांगत व्हते. जना म्हंजे गरीब गाय. कोनी नुसता आवाज चढवला तरी डोळ्यात पानी. बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ही मान खाली घालून बसनार आनि भांडनार मी. मी लहान, पन तोंडाची फटकळ.

मंग आयसचे गुडघे गेले आनि आमी दोघीच जायला लागलो. बांध संपून रस्ता लागतो तिथं खडीची खान व्हती, तिथं गाडीवाले बसलेले असायचे. आमी दिसलो की शिट्ट्या, घानेरडं बोलनं. आमी खाली बघून चालायचो. एके दुपारी त्यांच्यातला एक ताडमाड मानूस उठला आनि त्यानं जनाचं मनगटच धरलं. टोपली पडली, चिंबोऱ्या रस्ताभर पळायला लागल्या, आनि ते बाकीचे पोट धरून हसतायत. मी गेले नि त्याच्या हाताला कडकडून चावले, तवा सोडलं त्यानं. पळत सुटलो घरी.

जना घरी आली ती राखेनं मनगट घासत बसली. साल निघेस्तोवर घासलं. दुसऱ्या दिवशी उठलीच नाय. आयस बोलली, बापसाला सांगू नका, तो कोयता घेऊन जाईल आनि जेलात बसेल. उरनचं स्थळ ठरलंच हाय, लगीन लवकर उरकून टाकू. म्हंजे वाईट वागले ते, आनि घरात बसायचं आमी. माजं डोकं फिरलं.

गावात देवळाच्या बाजूला तालीम व्हती. धर्मा वस्ताद दिवसा मिठागरात मीठ ओढायचा आनि संध्याकाळी पोरांना लाठीकाठी शिकवायचा. मी जाऊन दारात उभी राहिले. वस्ताद बोलला, काय ग, कोनाला शोधतेस? मी बोलले, नाय, मला शिकायचं हाय. पोरं खिदळली. वस्ताद काय हसला नाय, पन बोलला, तालमीत देव हाय पोरी, हितं बायमानूस येत नाय. झालं, परत आले मी रडत.

वस्तादाच्या बायकोला आमी काकी बोलायचो. तिला विहिरीवर हे कळलं. घरात दोघांचं काय बोलनं झालं ते देव जाने, पन दुसऱ्या सकाळी काकी आमच्या दारात येऊन उभी. आयसला बोलली, तालमीत देव हाय ना, तर माज्या अंगनात पाठव पोरीला, तिथं मी हाय. आयस नाय-हो करीत राहिली, शेवटी बोलली, एकटी नाय जायची, जनाला सोबत घेऊन जा.

तशी आमची सुरुवात झाली. मला वाटलं, वस्ताद आता काठी देईल. कसली काठी! त्यानं राखेनं अंगनात चौकोन काढला आनि बोलला, ह्याच्यात चाल. पाय असा टाक, असा वळव. कितीतरी दिवस नुसतं चालनं. मी कटकट केली की बोलायचा, काठी मागून येईल, आधी पाय येऊ दे. मंग एकदा तेल पाजलेला बांबू दिला हातात. स्वतःच्याच घोट्यावर मारून घेतलं, कपाळावर टेंगूळ आलं, आयस हळद लावताना बोलायची, कोन करनार तुज्याशी लगीन. वस्ताद सांगायचा, मी तुमाला मारायला शिकवत नाय, काठीच्या घेरात कोनी येऊ नये एवढंच शिकवतो.

जना काकीच्या बाजूला पडवीत बसून तांदूळ निवडायची. वर बघायची पन नाय, असं आमाला वाटायचं. एकदा मी फिरवत असताना ती तशीच खाली मान घालून हळूच बोलली, गुलाब, तुजा डावा पाय मागं राहतो. वस्ताद थांबला. तिच्याजवळ गेला आनि काठी तिच्यापुढं धरली. जनानं काकीकडं बघितलं. काकी बोलली, तांदूळ मी निवडते, तू ऊठ. आनि काय सांगू तुमाला, नुसतं बघून बघून सगळं आलेलं तिला! पाय कसे, मनगट कसं, सगळं. तेच मनगट.

दिवाळीनंतर जना आपनहून बोलली, उद्या बाजारात मी येते. टोपल्या घेतल्या, काठ्या घेतल्या. खानीपाशी तेच लोक. तो ताडमाड मानूस हसत हसत आडवा आला. आनि बघा, एवढी बडबडी मी, एवढं शिकलेली, माजे हात असे गार पडले की काठी सुटून खाली पडली. जनानं काय केलं, तर आधी टोपली उतरवली, सावकाश, गवतावर, मासळी सांडू नये अशी. मंग काठी फिरवली. घूं घूं असा आवाज. त्याला वाटलं खेळ हाय, त्यानं हात घातला, आनि टक्! मनगट धरून खालीच बसला तो. बाकीचे उठले, पन पुढं कोनी येईना. तो धडपडत मागं सरकला तरी ही फिरवतेच हाय. मी बोलले, जना, पुरे ग, पुरे. तवा थांबली. टोपली डोक्यावर घेतली आनि आमी बाजारात गेलो. तिथं बसल्यावर तिला हसू सुटलं, डोळ्यांतनं पानी येईस्तोवर हसली, गिऱ्हाइकं बघतच राहिली.

पन गोष्ट उरनला पोचली. त्या लोकांनी निरोप धाडला, काठी फिरवनारी सून आमाला नको. आयसनं हंबरडा फोडला, वस्तादाला नको नको ते बोलली. बिचारा वस्ताद घरी आला, टोपी हातात घेऊन बापसापुढं उभा राहिला. बोलला, माज्यामुळं मोडलं, दुसरं स्थळ मी शोधतो. तेवढ्यात जना आतनं बाहेर आली, चार पुरुषमानसांत कधी तोंड न उघडलेली माजी बहीन, आनि बोलली, वस्ताद, मोडलं ते बरंच झालं, मला अजून दांडपट्टा शिकायचा हाय.  बापूस बोलला, शिक.

पुढं गावच्या पोरी यायला लागल्या, अंगन पुरेना. गावदेवीच्या पालखीपुढं आमी पोरी लुगड्याचा काष्टा मारून खेळलो, आनि काकी एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत व्हती. ते दिवस गेले ओ. बंदरात कामाला असलेला एक मानूस जनाला तशी खेळताना बघून मागनी घालायला आला. चांगला निघाला, सुखात ठेवलं त्यानं तिला. आता वस्ताद नाय, काकी नाय, मिठागरं नायत. माजी नात लाठीकाठीच्या क्लासला जाते, गाडीनं सोडतात तिला, पान्याची बाटली घेऊन सून बाहेर बसते. बरं वाटतं बघून. शिकू देत पोरी, आडकाठी नको कुनाची.

जना द्रोणागिरीला असते. तिला कंपवात झालाय, दोन्ही हात थरथरतात, चायचा कपसुद्धा धरवत नाय. सून चांगली हाय, पन हिला तिच्या हातनं खायला लाज वाटते, म्हनून मी जाते. मी भरवलं की मुकाट्यानं खाते, वर बोलते कशी, मीठ कमी पडलंय ग गुलाब. देवाजवळ माजं एवढंच मागनं हाय, आधी तिला ने, मंग मला. मी पुढं गेले तर तिला भरवनार कोन?