हमीचा माल

…आता मले सांगा, मेथीच्या लाडवाचा अन् मालगाडीचा काही संबंध आहे काय? नाही ना? कोणाच्याच घरी नसते! पण आमच्या गोंदियाजवळच्या कुडव्यात, शेजारच्या श्यामलालकाकाच्या घरी असते! तिथं वरणाले फोडणी देली तरी धूर इंजिनाचा निघते!

तुम्हाले सांगतो, काका म्हणजे रेल्वेतले रिटायर गार्ड. मालगाडीचे. आता मालगाडी म्हटलं का आपल्याले काय आठवते? फाटकापाशी उन्हात अडकलेलो आपण, अन् समोरून डबे… डबे… डबे… संपतच नाहीत! पण काकाची गाडी तशी नव्हती. ते तरणे होते तवा एक खास मालगाडी धावे. व्यापाऱ्यानं भाडं जरा जास्त भरायचं अन् रेल्वेनं हमी द्यायची, का अमुक दिवशी माल पोचणार म्हणजे पोचणार, नाही तर जास्तीचं भाडं वापस! लोकं तिले हमीची गाडीच म्हणत. अन् तिच्या मागच्या डब्यात हिरवी झेंडी घेऊन कोण? आमचे काका!

"मेलगाडी बाजूले उभी राहे, मेलगाडी! अन् आम्ही सन्नाट! मेलचा ड्रायव्हर मले सलाम ठोके! गाडी होती ती… गाडी!"

ती गाडी कधीचीच बंद झाली. काका बी रिटायर झाले. इथपर्यंत ठीक होतं हो! जळजळ सुरू झाली ते योगराजनं चौकात कुरिअरचं दुकान टाकलं तवापासून. योगराज म्हणजे आमच्याच गल्लीतल्या शालीकरामचा पोरगा. ज्याचा शेंबूड काकानं आपल्या दुपट्ट्यानं पुसला, तो आता टेम्पो पळवून राहिला, अन् तेही हमीनं! काकाच्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

त्यात काकाची बायको, गीताकाकू! सुरतेची साडी घरपोच आली तर ह्या बाईनं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. "अजी, परवा मागवली अन् आज हातात! काय पोरगा आहे!" अन् वरून योगराजले चहा. साधा नाही, आलं किसून! काका ओट्यावर बसून पाहून राहिले. त्यायच्या कपात आलं तर सोडाच, साखर बी नाही. शुगर!

"साडी काय, कोणीबी आणते," काका म्हणे. "वॅगनभर तांदूळ हावड्याले नेऊन दाखव म्हणा त्याले! गाडी होती ती… गाडी!"

अन् तेवढ्यात पुण्यात नात बाळंतीण झाली. प्रेरणा. पोरगी झाली तिले. काकूनं रातोरात मेथीचे, डिंकाचे लाडू वळले अन् सहज बोलून गेली, "योगराजजवळ देऊन देऊ."

झालं! काका उठलेच!

"बाळंतिणीचे लाडू तो शेंबडा नेईल? मी गार्ड आहो, गार्ड! माल मी सोता नेईन!"

"अजी, तुमचे गुडघे?"

"गुडघे माझ्या संगंच येतील!"

आता काय बोलता! तिकीट मिळता मिळता चारपाच दिवस गेले. तेवढ्यात काकूनं काय केलं, सांगू? अर्धे लाडू वेगळे काढले अन् मागच्या दारानं योगराजच्या हाती देले. बायको कोणाची आहे? गार्डाची! सेफ्टी पहिले पाहते!

तर काका निघाले महाराष्ट्र एक्सप्रेसनं. डबा मांडीवर, टॉवेलात बांधलेला. बाजूले अकोल्याचे एक मास्तर. त्या बिचाऱ्याले झोप नाही! "मास्तर, हे काय थांबणं झालं? आम्ही थांबत नव्हतो. आमच्यासाठी लोकं थांबत!" मास्तर हो म्हणे, कानटोपी खाली ओढे, काका ती वर करून पुढचं सांगे!

अन् मनमाड आलं. बाजूच्या रुळावर एक मालगाडी उभी. लांबच लांब, कोरीकट, कंटेनरवाली. काकाच्या काळजात चर्र झालं! एखाद्याले आपली जुनी सायकल दुसऱ्याच्या पोट्ट्यानं रंगवून चालवताना दिसावी ना, तसं! उतरले खाली. बॅग, मोबाईल, औषधं, सगळं सीटवर. डबा मात्र काखेत. माल सोडेल तो गार्ड कसला?

थेट शेवटच्या डब्यापाशी गेले. "काय गार्डबाबू, किती पळते तुमची गाडी?"

तो तरणाताठा माणूस हसला. म्हणते, "आजोबा, गार्ड नाही आता. ट्रेन मॅनेजर म्हणतात."

मॅनेजर!… अहो, जिंदगीभर उन्हापावसात ज्या कामाचे हे गार्ड राहिले, त्याच कामाचा हा मॅनेजर? काकाचा चेहरा आंबट झाला. "मॅनेजर असा का कलेक्टर असा, हमी देता काय? आम्ही देत होतो! गाडी होती ती…"

अन् मागून भोंगा वाजला. एक्सप्रेस हलली. आता कोणीबी काय करंल? धावंल, ओरडंल! काकानं काय केलं? वळले, ताठ उभे राहिले, अन् सवयीनं रिकामाच हात वर करून आपल्याच गाडीले हिरवी झेंडी दाखवली! ऑल राईट! शेवटचा डबा गेला तवा ध्यानात आलं का आपली सीट बी गेली.

इकडे कुडव्यात काय? प्रेरणाचा फोन, "आजी, लाडू मिळाले गं! काय खमंग झाले!" काकू खूश. मग काकाले फोन लावला, तर उचलला मास्तरनं. "बाई, आजोबा मनमाडला उतरले, ते चढलेच नाहीत."

काकूनं फोन तसाच टाकला. "लाडू पोचले वो माय, माणूसच हरवला!" हसू नका, गोळ्या बॅगेत, खिशात मोबाईल नाही, वय असं… बाई तशीच अनवाणी धावली. कोणाकडं? योगराजकडंच!

त्यानं मान खाली घालून फोनमागं फोन केले. "काकू, रडू नका. मनमाडले आपली गाडी आहे."

काका स्टेशनच्या बाकावर सापडले. भुकेनं अंधारी येऊन राहिली होती, पण डब्याची गाठ सोडली नव्हती. बाळंतिणीचा माल! मिशीवाल्या ड्रायव्हरनं त्यायले चहा-केळ खाऊ घातलं अन् टेम्पोत समोर बसवलं.

"कोणाची गाडी?" काकानं इचारलं.

"योगराजभाऊंची."

काकानं डबा मांडीवर ओढला. नगर येईपर्यंत त्याची गाठच चाचपत राहिले! टेम्पो असा पळे, ट्रकामागं ट्रक मागं टाके, अन् काका डोळ्याच्या कोन्यातून स्पीडचा काटा पाहे. शेवटी रहावलं नाही. हळूच म्हणाले, "पळते… बरी पळते." मग लगेच, "पण हमी काय?"

"हमी म्हणजे? तुम्हाला पोचवल्याशिवाय तोंड दाखवू नको, असं सांगितलंय भाऊंनी."

काकानं तोंड खिडकीकडं फिरवलं ते पुण्यापर्यंत. जळत होते का रडत होते, ड्रायव्हरले समजलं नाही. मले विचाराल तर दोन्ही!

दार प्रेरणानं उघडलं. "आबाजी!" म्हणून गळ्यात पडणार, तर ड्रायव्हर मधात. "थांबा मॅडम, दारात फोटो लागतो." काखेत डबा घेतलेले काका, खटॅक!

"आता ओटीपी सांगा."

"ओटीपी कशाचा? माणूस आहे तो!"

"मॅडम, गोंदियावरून पार्सल म्हणूनच नोंदवलेत. त्याशिवाय गाडी कुठवर आली ते तिकडं आजींना मोबाईलवर दिसणार कसं? सकाळपासून त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसल्यात. तुम्ही आकडा सांगितल्याशिवाय पोचले असं दिसणार नाही त्यांना."

प्रेरणाले हसू आवरेना, डोळे बी आवरेनात. घरात बाळ रडून राहिलं, दारात काका उभे, गुडघे बोलून राहिले. अन् तुम्हाले सांगतो, ज्या माणसानं मेलगाडी बाजूले काढली, तो हात जोडून नातीले म्हणते,

"सांगून टाक बाई तो आकडा… नाही तर वापस नेऊन टाकतील मले!"