सीर्शाचं बारसं

तुम्ही हसाल, पण न्युरेम्बर्गला नातीच्या बारशात मी चक्क एक कट केला होता. सून ओर्ला आयर्लंडची, मराठी शिकलेली. तिने नाव ठरवलं, सीर्शा. मी कारकुनी सवयीने खुलासा मागितला.

"बाबा, हे आयरिश नाम आहे. 'सीर' म्हणजे मुक्त, त्यावरून सीर्शा, म्हणजे स्वातंत्र्य. स्त्रीलिंगी."

"सीरचा आणखी काही अर्थ?"

"स्वस्त," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

मला माझ्या आईचं नाव पुढे चालवायचं होतं. पुण्याहून आलेल्या माझ्या मुलीला मी स्वयंपाकघरात गाठलं. "कागदावर काहीही असो, आत्या कानात सांगते तेच खरं. तू 'सुमती' सांग."

ती पाळण्यात वाकली, कानात नाव सांगून तिने 'कुर्र' केलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. ओर्लाच्या आईने तर जरा जास्तच मनापासून.

मी हळूच विचारलं, "सुमतीच ना?"

"नाही."

"मग सीर्शा?"

"अहो बाबा, माझं स्वतःचं सांगितलं, वैजयंती. जन्मभर तुम्ही सगळे मला बेबीच म्हणता. ते नाव कोरंच पडून होतं."