डोक्यावरचा खोडवा

केस लावायच्या दवाखान्यात झिशान मोबाईलमध्ये डोकं घालून नंबरची वाट बघत होता. कान मात्र शेजारच्या बापलेकांकडं होते. यशराजच्या टकलावर पेनानं रेघा मारून झाल्या होत्या आणि त्याचा म्हातारा बाप, हंबीरराव, तळहातावर तंबाखू मळत होता.

“आण्णा, दवाखाना हाय. ती तंबाखू ठेवा खिशात.”

“ठेवतो की. आदी सांग, केस आणणार कुठनं?”

“माझंच. डोक्याच्या मागनं काढायचं, फुडं लावायचं.”

“म्हंजे भाताची लावणच की! दुखतंय?”

“भूल देत्यात. नंतर दोन-चार दिवस तोंड सुजतंय.”

“सुजू दे. केस लगीच वाढत्यात न्हवं?”

“न्हाय. लावल्यालं महिन्याभरात गळून पडत्यात.”

“गळत्यात? मग ऊठ, चल घरला!”

“आवो, मुळं ऱ्हात्यात. उसाच्या खोडव्यागत परत फुटवा येतोय. सगळं रान भरायला वरीस लागतंय.”

“वरीस?”

“व्हय.”

“आन त्यात मी गेलो तर? डोकं भादरायला लागंल की रं तुला!”

“आण्णा, कायबी काय बोलताय!”

“कायबी न्हाय. भावकी सोडणार हाय व्हय तुला?”

झिशानचा अंगठा मोबाईलवर थांबला. म्हाताऱ्यानं रेघांच्या त्या डोक्याकडं एकवार बघितलं, उठून मळलेली तंबाखू कचऱ्याच्या डब्यात झाडली आणि खिशातली पुडी लेकाच्या हातात कोंबली.

“धर. कंगवा फिरवाय लागलास की परत दे.”