गिरधरसाठी माफी कुणी मागितली होती?

गुरुजी, आप्पा, माई, आणि उन्हात एवढा वेळ बसून राहिलेल्या गावकरी मंडळींनो,

मला बोलायचं नव्हतं. काल नंदुरबार स्टेशनावर उतरलो तेव्हा ठरवूनच उतरलो होतो, की गिरधरच्या फोटोला हार घालायचा, त्याचे वडील म्हणून आप्पांच्या पाया पडायचं आणि परत जायचं. गिरधर तुमचा, मी खांडबाऱ्याचा. मुंबईत एकाच कचेरीत चार वर्षं आमची टेबलं शेजारी-शेजारी. अशा माणसाच्या तेराव्याला उभं राहून काय बोलणार?

पण आत्ता गुरुजींनी आमच्या कचेरीचं पत्र वाचलं. तुम्ही माना डोलावल्या. मी बघत होतो. आप्पांनी सुद्धा हात जोडले.

काय लिहिलंय त्या पत्रात? गुरुजी, रागावू नका, पुन्हा सांगतो. ‘कै. गिरधर पाटील यांच्या हातून कामात गंभीर चूक झाली होती, परंतु कचेरीने ती उदार मनाने माफ केली आहे.’ माफ केली आहे! कुणी कुणाला माफ केलं? अहो, गिरधरनं माफी मागितली होती कधी? मेलेल्या माणसाला टपालानं माफी पाठवता, शरम कशी वाटत नाही?

डोकं फिरलंय माझं. आता बोलतोच. मधे कुणी उठू नका.

तुम्हा सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की गिरधर मुंबईला मोठ्या गणकयंत्रावर होता आणि त्याच्या हिशेबानं तापीच्या पुराची रेघ ठरली. त्या रेघेवर माणसं आली, तुमच्या उभ्या केळीत खुंट्या ठोकून गेली. इथपर्यंत पाणी येणार, बाग काढा. तुम्ही कच्चे घड उतरवले, बागा तोडल्या. महिन्यानं तीच माणसं परत आली आणि खुंट्या उपटून म्हणाली, आकडा चुकला. तुमचा संताप मला समजतो. बाग वाढवायला काय लागतं ते मलाही माहीत आहे. पण राग काढलात कुणावर? गिरधर नोकरी जाऊन घरी आला, तर पारावर त्याला हाका मारायचात, ‘गिरधर, तुन्हं मशीन येडं शे का रे?’ कोण कोण म्हणायचं ते मला त्यानं पत्रातून कळवलंय. नावं घेत नाही. ज्यांनी खाली बघितलं त्यांनी बघितलंच आहे.

तर ऐका, तो आकडा कसा चुकला.

ते यंत्र स्वतःहून काही करत नाही. एकेक हुकूम पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून द्यावा लागतो. अशा शेकडो कार्डांची थप्पी म्हणजे एक प्रोग्राम. पुराचा प्रोग्राम आधी एकच भलामोठा होता. एक कार्ड चुकलं की सगळी थप्पी पहिल्यापासून यंत्राला समजावायची, आणि यंत्र आमच्या वाट्याला दिवसातून एकदाच. सहा महिने आम्ही नुसते हेलपाटे घातले. तेव्हा हा तुमचा गिरधर उठला आणि म्हणाला, थप्पी फोडा. पावसाचा भाग वेगळा, नदीचा वेगळा, छपाईचा वेगळा, आणि सगळ्यांना हाका मारणारा मुख्य भाग वेगळा. चार माणसांनी चार भाग लिहायचे. प्रत्येक भाग यंत्राला वेगळा समजावून तयार ठेवायचा, आणि शेवटी चारही जोडायचे. नदीत चूक निघाली तर नदीचाच भाग पुन्हा करा, बाकीचे तीन तसेच तयार. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी बी.एस्सी. झालेला तापीकाठचा पोरगा, आणि त्यानं शिकवलं आम्हाला हे! साहेब परदेशी जाऊन आलेले होते, त्यांना सुचलं नव्हतं.

जोडणी यंत्रच करतं. नावावरून करतं. मुख्य भागानं ‘नदी’ म्हणून हाक मारली आणि त्या नावाचा भाग थप्पीत नसला, तर यंत्र तिथंच अडतं, कागदावर छापून सांगतं. तिथं फसवाफसवी नाही. पण चौघांना लागणारे आकडे एका सामायिक जागेत ठेवायचे असतात. त्या जागेला खण समजा. पहिल्या खणात पाणी मोजायच्या वरच्या चौकीवरचं तापीचं पाणी, दुसऱ्या खणात खालच्या चौकीवरचं. यंत्राला खणांचा फक्त क्रम कळतो. कुठल्या खणात काय, हे प्रत्येकानं आपापल्या भागात त्याच क्रमानं लिहायचं. एकानं क्रम बदलला आणि बाकीच्यांनी नाही, तरी यंत्र चकार शब्द काढत नाही. गुपचूप जोडून देतं आणि वरचं पाणी खाली समजून हिशेब करतं.

आप्पा, तुम्हाला गिरधरनं हेच विहिरीवरून सांगितलं होतं. चार भावांची सामायिक विहीर, पाळ्या ठरलेल्या. एकानं न सांगता पाळी बदलली, तर पाणी भलत्याच्याच सरीत जाणार. विहीर काही ओरडून सांगत नाही. तुम्ही म्हणालात, मग पाळ्या भिंतीवर लिहून ठेवा.

त्यानं लिहून ठेवल्या. एका जाड पुठ्ठ्यावर खणांची यादी केली आणि टेबलाशेजारी खिळ्याला टांगली. दोरीला लाल पेन्सिल बांधली. नियम एकच. आधी यादीत, मग कार्डात. ज्याला क्रम बदलायचा त्यानं यादीत लिहायचं, खाली सही करायची, बाकीच्या तिघांना दाखवायचं. आम्ही हसायचो त्याला. मी म्हणायचो, तलाठी झालास का रे? तो म्हणायचा, हस, पण सही कर.

मग त्याच्या बहिणीचं लग्न आलं. तो चार दिवस इथं आला. तुम्ही सगळे जेवलात त्या लग्नात.

त्या चार दिवसांत साहेब नदीचा भाग लिहिणाऱ्या माणसाकडे आले. म्हणाले, माझ्या अहवालात खालची चौकी आधी आहे, तुझ्यातही तीच आधी घे, दिसायला बरं दिसतं. दिसायला बरं! तो माणूस म्हणाला, गिरधर आला की यादीत लिहून सगळीकडे बदलतो. साहेब म्हणाले, आज यंत्र मिळतंय, आज कर, यादीचं नंतर बघू. त्या माणसाची नोकरी कच्ची होती, पक्की व्हायला महिना उरला होता. त्यानं दोन कार्डं बदलली. यादीत लिहिलं नाही. चारही भाग जोडले गेले. आकडे असे बेमालूम आले की कुणाला शंका आली नाही. आणि तुमच्या केळीत खुंट्या पडल्या.

तो नदीचा भाग माझा होता.

बसा! बसा म्हणतो! मारायचं असेल तर नंतर मारा, मी पळून जात नाही. आधी पुरं ऐका.

बोभाटा झाल्यावर गिरधरनं चार दिवस एकेक कार्ड यादीशी ताडून पाहिलं. माझी दोन कार्डं हातात घेऊन माझ्याकडे आला. ओरडला नाही. म्हणाला, ‘भो, यादीम्हा लिखं नही तू?’ मी कबूल केलं. तो म्हणाला, ‘सायेबले तूच सांगजो. मी सांगस नही.’ आणि थांबला. एक दिवस नाही, पंधरा दिवस थांबला, की मी आज सांगेन, उद्या सांगेन. मी शेपूट घातली. साहेबांना तर सगळं ठाऊकच होतं, ते कशाला बोलतात? चौकशीत विचारलं, जोडणीची जबाबदारी कुणाची? गिरधर म्हणाला, माझी. झालं. तो घरी आला आणि मी पक्का झालो.

आप्पा, तुम्ही त्याला ओट्यावर बसवून विचारलंत, ‘पोऱ्या, चूक तुन्ही व्हती का?’ तो म्हणाला, ‘यादी मन्ही व्हती, आप्पा.’ तुम्ही त्याला होकार समजलात. नंतर वर्षभर तुम्ही त्याच्याशी धड बोलला नाहीत. हेही त्यानं मला लिहिलं. तक्रार म्हणून नाही, सहज लिहिलं. शेवटी लिहायचा, तू कसा आहेस? मी त्याला उत्तरं पाठवायचो, मुंबईत पाऊस फार आहे, अमुक आहे, तमुक आहे. थू माझ्यावर.

डॉक्टर म्हणाले कावीळ. असेल कावीळ. मी डॉक्टर नाही. पण आपल्या बापानं आपल्याला दोषी समजावं, हे घेऊन तो गेला, आणि ते मी थांबवू शकलो असतो. एका वाक्यानं. ते वाक्य घेऊन मी वर्षभर गप्प फिरलो, आणि आज इथं येऊनसुद्धा हार घालून सटकणार होतो. त्या साहेबाला शिव्या घालतोय, पण त्याच्यात आणि माझ्यात फरक काय?

गुरुजी, त्या पत्राला उत्तर जाणार आहे. आजच. चूक कुणाची, हुकूम कुणाचा, दोन्ही नावांनिशी मी लिहीन आणि साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा. नोकरी जाईल. जाऊ दे.

आणि हे बघा. हा पुठ्ठा. गिरधर कचेरीतून गेल्यावर महिनोन् महिने खिळ्याला तसाच होता, कुणाला काढायचं सुचलं नाही. ही त्याची यादी, आणि ही त्याचीच लाल पेन्सिल. तुमच्या सगळ्यांसमोर लिहितो. वरची चौकी, खालची चौकी, क्रम बदलला. बदलणारा मी. ही माझी सही.

आप्पा, हा तुमच्याजवळ ठेवा. पारावर टांगा हवा तर. ज्यांनी त्याला हाका मारल्या त्यांनी येता-जाता वाचावा.

आता दोन मिनिटं उभं राहायचं. पण तोंड मिटण्याआधी प्रत्येकानं एकदा मोठ्यानं म्हणायचं, चूक गिरधरची नव्हती. आप्पांना ऐकू जाईल असं म्हणायचं. मग गप्प राहू.

गिरधर, उशीर व्हयना भो. पन यादीम्हा लिखं मी.

उठा मंडळी.