खापरओढ्यात क्लच सुटला

ऐका रे. जवळ सरका जरा. ए दिगंबर, ते ओलं लाकूड घालू नकोस, धूर होतोय नुसता. हां. आता ऐका.

आपल्या पांढरमाळाच्या हौसाक्काची गोष्ट आहे ही. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत, आणि ट्रॅक्टर चालवायची! त्या काळात, बरं का! सासऱ्यानं शिकवलं होतं. सासरा गेला, नवरा गिरणीत, मग तो जुना लाल ट्रॅक्टर हिनंच सांभाळला. वंगण स्वतः भरायची, डिझेलची जाळी स्वतः धुवायची. नुसत्या आवाजावरनं सांगायची, कुठं दुखतंय त्याला.

पण त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती सगळा पावसाळा तिकडंच. ट्रॅक्टर छपरात उभा. आता, ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा करायचा तर क्लच दाबून त्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा असतो. तेवढं कुणाला सुचलं नाही. दमट हवेनं आतली प्लेट गंजून चिकटली. म्हणजे काय झालं? क्लच दाबा नाहीतर सोडा, इंजिन आणि चाकं जखडलेली ती जखडलेलीच. इंजिन चालू तोवर ट्रॅक्टर पळणार. थांबवायचा तर इंजिनच बंद करायचं. वर बॅटरी उतरलेली, म्हणजे एकदा बंद पडला की धक्का मारल्याशिवाय पुन्हा चालू होणार नाही!

हौसाक्का परत आली, क्लच दाबून बघितला तेव्हा तिला हे कळलं, आणि त्याच रात्री दारात मोटरसायकल थांबली. नामदेव होता, पलीकडच्या घुमटमळ्याचा. धापा टाकत म्हणाला,

"अक्का, इहिरीत दरड ढासळली! सुभाना खाली अडकलाय. पायावर धोंडा हाय, अन् झऱ्याचं पानी चढतंय!"

"यारी हाय न्हवं दगड उचलायला?"

"यारीचं इंजान फुटलंय. तुझा ट्रॅक्टर पायजे. दोर बांधून धोंडा हळूच उचलाय लागंल. हिसका बसला तर मानूस जाईल, अक्का."

"तू डाक्टरला आन. मी आले."

नामदेव गेला. आणि ही छपरात येऊन उभी राहिली. क्लच चिकटलेला, अन् काम तर असं, की सगळी मदार क्लचवरच! पण बसून काय होणार? शेजारच्यांना उठवलं, वरचा गिअर टाकला, ट्रॅक्टर उतारावर लोटला. फट फट फट! धरलं इंजिनानं. निघाली.

पुलावरचा रस्ता लांबचा. जवळची वाट खापरओढ्याची. आणि खापरओढ्यात काय आहे, माहीत आहे ना? चकवा! नुसता वाट चुकवणारा नाही बाबांनो. धरून ठेवणारा.

हौसाक्काला माहीत नव्हतं होय? माहीत होतं. पण पाणी चढत होतं ना तिकडं.

दिवा एकच, तोही मिणमिणता. वाटेत प्लेट सोडवायला तिनं क्लच दाबून धरला, ब्रेक मारून बघितला. प्लेट सुटंना. ब्रेक झिजलेले, त्यांचा जोरच पडंना. तेवढ्यात वाटेच्या कडेला एक बाई दिसली. डोक्यावर गाठोडं.

"अगं थांब की! मला वस्तीपतुर सोड!"

दुसऱ्या कुठल्या रात्री हौसाक्का थांबली असती. माणसाला नाही म्हणणारी नव्हती ती. पण थांबणार कशी? "मागनं कुनीतरी येईल गं!" म्हणाली आणि गेली पुढं. वळून बघते तर... बाई नाही. गाठोडं तेवढं अधांतरी, हवेत!

पुढं बघून चालवायला लागली. तर कानाशी आवाज. सासऱ्याचा!

"हौसे, इंजिन तापलंय. बंद कर. बंद कर आधी."

हात गेला हो तिचा चावीकडं! पण कान इंजिनाकडं होता. इंजिन तर सुरात चाललंय. तापल्यावर ते कसं घरघरतं, हे तिला त्यानंच शिकवलेलं. आणि सासरा तिला जन्मात कधी 'हौसे' म्हणाला नाही. सूनबाई म्हणायचा. हात मागं घेतला तिनं.

"तू न्हाईस मामंजी," म्हणाली.

आवाज हसला. फिदीफिदी हसला! आणि समोर, ओढ्याच्या उतारावर, चाकोरीत मधोमध, तान्हं पोर! उघडंनागडं, टाहो फोडतंय!

काय करावं आता? इंजिन बंद करावं तर सुभाना गेला. न करावं तर... तिनं चाक वळवलं. पोर तिकडं. दुसरीकडं वळवलं. पोर तिकडं! लेकीचं तान्हं नुकतंच मांडीवरनं उतरवून आलेली बाई ती. काळीज फाटलं तिचं. हात चावीवर गेला, आणि तेवढ्यात दिव्याचा उजेड त्या पोरावर पडला. पडला आणि आरपार गेला! मागचे गोटे दिसत होते पोरातनं.

तिनं डोळे मिटले. ट्रॅक्टर गेला वरनं. चाकाखाली काही नाही. काही म्हणजे काही नाही.

आणि मग ओढ्याच्या मधोमध, वाळूत, ट्रॅक्टर जड झाला.

मागनं धरलं कुणीतरी! इंजिन दबलं, काळा धूर ओकायला लागलं, पुढची चाकं उचलायला लागली. इंजिन बंद पडलं की संपलंच. मागं बघायचं नाही, एवढं तिला कळत होतं. आणि त्या तसल्या घटकेला, ऐका, त्या तसल्या घटकेला त्या बाईचं डोकं चाललं! चिकटलेली प्लेट सुटते कशी? क्लच दाबायचा, इंजिनाला पुढं रेटायचं आणि चाकं मागं धरून ठेवायची. तिच्या ब्रेकात तेवढा जोर नव्हता. पण मागनं ओढणाऱ्या ह्याच्यात होता की!

दोन्ही पाय क्लचवर दिले. रेस पूर्ण ओढली. आणि ओरडली,

"वढ! वढ मेल्या, आनखी वढ!"

त्यानंही ओढलं. इंजिन इकडं, भूत तिकडं. आणि कडाड! सुटली प्लेट!

इंजिन मोकळं झालं. पण चाकंही मोकळी झाली ना! ट्रॅक्टर जाग्यावर उभा. आणि खांद्यावर एक हात आला. गार. ओला.

दुसरा कुणी असता तर क्लचवरचा पाय झटकन काढून मोकळा झाला असता. तसं केलं असतं तर ट्रॅक्टर उलटा येऊन अंगावर पडला असता, नाहीतर बंद पडला असता. तिनं रेस कमी केली. सर्वांत खालचा, ताकदीचा गिअर टाकला. आणि खांद्यावर तो हात असताना क्लच हळू सोडला. हळू... हळू... तव्यावर धपाटं टाकावं तसा.

चाकांनी वाळू धरली. ट्रॅक्टर चढ चढायला लागला. हात खांद्यावरनं दंडावर, दंडावरनं मनगटावर, आणि सुटला. मागं अशी किंकाळी उठली, की घुमटमळ्यात लोकांनी ऐकली.

विहिरीवर पोचली तेव्हा सुभानाच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. दोर बांधला. तिनं क्लच सोडला, दाबला, सोडला. धोंडा बोटभर वर. आणखी बोटभर. हिसका म्हणून नाही! पोरांनी सुभानाला बाहेर काढला. पुढं लंगडत चालायचा, पण चालायचा.

सकाळी लोक ओढ्यात गेले बघायला. ट्रॅक्टरच्या चाकोरीमागं वाळूत दोन खोल चर होते, कुणाला तरी फरपटत नेल्यासारखे. आणि चर संपले तिथं पावलं. उलटी!

मी विचारलं होतं तिला, "अक्का, भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की," म्हणाली. "समदं अंग थरथरत हुतं. पाय तेवढा थरथरू दिला न्हाई."

असं माणूस पुन्हा नाही बघितलं मी. पण पोरांनो, त्या वाटेला जाऊ नका. कितीही घाई असू दे. अरे, सुभाना बाहेर निघाल्यावर खुद्द हौसाक्का दिवस वर येईतो घुमटमळ्यात बसून राहिली, आणि पुलावरनं लांबचा वळसा घालून घरी आली.