हे कोण म्हणतं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, हारांच्या ओझ्याखालूनही प्रसन्न दिसणारे मान्यवर, शिक्षकवृंद, पालक आणि मोबाइल खिशात ठेवून मोठा त्याग केलेल्या विद्यार्थीमित्रांनो,

संगणकाच्या बाई आज निवृत्त होत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचा तासही. संस्थेच्या अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, मुलांना इंटरनेट हल्ली उपजतच येतं, शिकवायला कशाला हवं? बरोबर आहे. बोलणंही उपजतच येतं. तरी माझ्यासारख्या वार्ताहराला माइकपुढे उभं केलं की काय होतं, ते आपण पाहताच आहात.

बाईंच्या वर्गात मी बातमीसाठी गेलो होतो. तिथला नियम एकच: पडद्यावर काहीही उघडलं की आधी मोठ्यांदा विचारायचं, "हे कोण म्हणतं?" उत्तर सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. एक मुलगी म्हणाली, "माझी मावशी म्हणते, बाई."

"मावशीला कोण म्हणालं?"

"तिची जाऊ."

"आणि जावेला?"

वर्ग हसून लोळला. मी एके काळचा संस्कृतचा विद्यार्थी, मला राहवेना. म्हटलं, "बाई, हे तर न्यायशास्त्र, आपलं जुनं तर्कशास्त्र. आप्ताचं वाक्य प्रमाण. पण तिथे आप्त म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खरं बोलतो तो. मराठीत आपण त्याचा नातेवाईक करून टाकला." बाई हसल्या नाहीत.

का, ते पुढे कळलं. त्यांच्या परवानगीनेच सांगतो. बाईंच्या यजमानांना मधुमेह होता. धाकट्या भावाने त्यांना मेसेज पाठवला: गोळ्या सोडा, अमक्या पाल्याचा रस घ्या. बाईंनी विचारलं, "हे कोण म्हणतं?"

"हा तुझा वर्ग नाही," यजमान म्हणाले. "सख्ख्या भावाने पाठवलंय. तो माझं वाईट चिंतील का?"

नव्हताच चिंतत. आलेलं पुढे ढकललं, इतकंच. यजमानांनी गुपचूप गोळ्या सोडल्या आणि वर्ष सरायच्या आत ते गेले.

त्यानंतर दीर दारात येऊन नुसते उभे राहिले. बाईंनी बोल लावला नाही, समजूतही घातली नाही. म्हणाल्या, "भाऊजी, शनिवारी वर्गात या." तेव्हापासून ते शेवटच्या बाकावर, मुलांच्या शेजारी गुडघे दुमडून बसत आले.

काल संध्याकाळी मी बाईंकडे होतो. दीर फोन घेऊन आले. "वहिनी, तुमचा तास बंद होणार म्हणे. ग्रुपवर आलंय. हे कोण म्हणतं?" ही तरी अफवा निघावी, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. "अध्यक्ष म्हणतात, भाऊजी. खरं आहे."

निरोपाच्या प्रसंगी हे बोलायला नको होतं, हे मला कळतं. अधिकउणं झालं असेल ते पोटात घाला. शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. दीर मागच्या रांगेत बसले आहेत. येत्या शनिवारी त्यांनी कुठे जायचं, एवढं जाता जाता त्यांना कोणीतरी सांगा.