चौसष्ट आल्यावर

मैथिली: म्हणजे चाळीस स्लाइड जास्त होतात?

शहरबानू: जास्त-कमी मी म्हणत नाही. वर्ग तासाभराचा. तिकडे लांब मंगफहून येणारे उशिरा येणार, मग खुर्च्या शोधणार. शेवटी चहा. मधल्या वेळात तू स्वादुपिंड दाखवणार.

मैथिली: एकच स्लाइड आहे स्वादुपिंडाची.

शहरबानू: ती काढ. जन्मभर बरोबर घेऊन फिरलेत, आत कुठे आहे ते कोणी विचारलं नाही.

मैथिली: बरं, काढली. आपा, डॉक्टरांनी मागच्या रमजानच्या आधीचं त्यांचं भाषण पाठवलंय मला. म्हणाले, तू नवी डाएटिशियन, उगाच प्रयोग करू नकोस. शुगरवाल्यांना हेच सांग, लोकांना आवडलं होतं.

शहरबानू: आवडलंच होतं. टाळ्या वाजवल्या, समोसे खाल्ले, आपापल्या घरी गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यातलेच दोघे इथं दवाखान्यात स्ट्रेचरवरून आले. रोजा सोडला नव्हता.

मैथिली: एक तुमचे मिस्टर ना?

शहरबानू: नाही गो. ते इथपर्यंत आलेच नाहीत. कामावर, अर्दियाच्या गोदामात, पोत्यांना टेकून बसले इफ्तारपर्यंत. घाम फुटलेला, बोलता येईना. मला कळलं ते तीन दिवसांनी, तेही सोबत काम करणाऱ्याच्या बायकोकडून. विचारलं तर म्हणाले, झोप कमी झाली होती.

मैथिली: भाषण ऐकलं नव्हतं त्यांनी?

शहरबानू: पहिल्या रांगेत बसले होते.

मैथिली: मग माहिती होती.

शहरबानू: पाठ होती. शुगर सत्तरच्या खाली आली की रोजा सोडायचा. बोट टोचलं म्हणून रोजा तुटत नाही. आजाऱ्याला माफी आहे, नंतर भरून काढता येतो. हे सगळं त्यांना झोपेतून उठवून विचार.

मैथिली: मग माझ्या स्लाइडमध्ये त्यांना ठाऊक नाही असं काय आहे?

शहरबानू: स्वादुपिंड.

मैथिली: हसू नका. थांबा, शेवटाकडून करू. वर्ग संपून माणूस दाराबाहेर पडला की त्याला काय करता यायला हवं? एकच सांगा. बाकीचं त्यावरून ठरवते.

शहरबानू: चौसष्ट आल्यावर खजूर तोंडात घालता आला पाहिजे.

मैथिली: खजुरापेक्षा ज्यूसनं शुगर लवकर चढते.

शहरबानू: मग ज्यूस. पण दुपारी चारला, इफ्तार दीड तासावर आलेला असताना. आणि आजूबाजूचे सगळे रोजात, त्यांच्यासमोर. तेवढं यांना जमलं तर मला दुसरं काही नको तुझ्या वर्गातून.

मैथिली: स्लाइडवर ते दाखवता यायचं नाही.

शहरबानू: तेच तर केव्हापासून सांगतेय.

मैथिली: करायलाच लावते. प्रत्येकाच्या हातात आकड्याची चिठ्ठी द्यायची आणि विचारायचं, आता तू काय करशील? पण आधी एकावर करून बघायला हवं. न तपासलेला प्रश्न मला वर्गात न्यायचा नाही.

शहरबानू: एक येतोच आहे मला न्यायला. विचार त्यांना. फक्त मी सांगितलं म्हणू नकोस. मी इथं शुगर तपासायच्या स्ट्रिप्स मोजत बसते.

(यूनुस दार ढकलून आत येतो. हातात गाडीची चावी.)

यूनुस: चल बानू. गाडी दुसऱ्याच्या जागेवर लावलीय.

शहरबानू: पाच मिनिटं थांबा. मैथिलीला शुक्रवारच्या वर्गाची तयारी करायचीय, एक पेशंट पाहिजे.

यूनुस: घ्या. तयारच आहे.

मैथिली: यूनुसभाई, समजा रमजान अर्धा झालाय. दुपारचे चार. तुम्ही गोदामात आहात, हात थरथरतायत. मीटरवर चौसष्ट आलं. काय कराल?

यूनुस: सत्तरच्या खाली, म्हणजे रोजा सोडायचा.

मैथिली: ते डॉक्टर काय म्हणतात ते झालं. तुम्ही काय कराल?

यूनुस: मी... बसेन जरा. काम हळू करीन. एवढा दिवस काढला मॅडम, दीड तासासाठी कोण सोडतो?

मैथिली: बरं.

यूनुस: काही बोलणार नाही? आमच्या घरात एवढ्यावर तासभर ऐकून घ्यावं लागतं.

मैथिली: प्रश्न माझा चुकला. वर्गात हा विचारला असता तर सगळ्यांनी सत्तर म्हटलं असतं आणि मी खूश होऊन घरी गेले असते. दुसरा विचारते. तेच गोदाम, तेच चार. फक्त आकडा तुमचा नाही. तुमच्या शेजारी कामाला कोण असतं?

यूनुस: मुझफ्फर. श्रीवर्धनचा आहे.

मैथिली: मुझफ्फरला चौसष्ट आलं.

यूनुस: त्याला शुगर नाही.

मैथिली: आहे असं धरा.

यूनुस: मग ज्यूस पाजीन. त्यात विचारायचं काय?

मैथिली: तो म्हणतो, दीड तासच तर राहिला.

यूनुस: म्हणू दे. शिडीवर चढतो तो, माल काढायला. वरून पडला म्हणजे? पोरं लहान आहेत त्याची. धरून बसवीन आणि बाटली तोंडाला लावीन.

मैथिली: लोक बघतील.

यूनुस: बघेनात का. मी उभा राहीन ना मध्ये.

शहरबानू: आणि तुमच्या वेळी मध्ये कोण उभं राहायचं?

यूनुस: तू स्ट्रिप्स मोज.

मैथिली: आपा, चिठ्ठ्यांचं थोडं बदलू. जोड्या लावायच्या. आकडा ज्याचा असेल त्यानं तो फक्त दाखवायचा. ठरवायचं दुसऱ्यानं. मग अदलाबदल. काही आकडे सत्तरच्या वरचेही देते, नाहीतर सगळे न बघताच ज्यूस म्हणतील.

शहरबानू: आणि पुढे रमजानात?

मैथिली: तीच जोडी. रोज दुपारी बोट टोचायचं आणि मीटर जोडीदारासमोर धरायचं. तो म्हणेल ते करायचं.

शहरबानू: डॉक्टर विचारतील, पहाटे सहेरीला घ्यायच्या औषधाच्या डोसाचं काय?

मैथिली: ते ज्याचं त्याचं वेगळं असतं. ते त्यांनी एकेकाला आत बोलावून सांगावं. मी वर्गात सांगणार नाही. स्लाइड एकच ठेवते, किती ज्यूस घ्यायचा आणि परत कधी तपासायचं.

शहरबानू: आणि स्वादुपिंडासकट बाकीच्या एकोणचाळीस?

मैथिली: डॉक्टरांना आवडतील.

यूनुस: मॅडम, माझी जोडी बानूबरोबर लावू नका.

शहरबानू: का? नर्स आहे मी.

यूनुस: तू इथं जाब्रियात, मी तिकडे अर्दियात. फोनवर मी नव्वद सांगणार.

शहरबानू: गेल्या वर्षी नव्वदच सांगायचात.

यूनुस: रोज नाही.

शहरबानू: त्या दिवशी?

यूनुस: त्या दिवशी नव्वदच सांगितलं होतं.

मैथिली: आपा, राहू दे. यूनुसभाई, मग कोणाबरोबर लावू? अर्दियाचे आणखी दोघे येतायत शुक्रवारी. त्यांच्यातला एक बघू?

यूनुस: त्यांची शिफ्ट वेगळी असते. मुझफ्फरला आणलं तर चालेल?

मैथिली: त्यांना शुगर नाही म्हणालात ना?

यूनुस: नाही. पण चार वाजता तो तिथं असतो.